केवळ बाजार नसून

‘आठवडी बाजार हे केवळ खरेदी-विक्रीचे ठिकाण नसून तो ग्रामीण संस्कृतीचा समृद्ध गोफ आहे.’

पहिल्या प्रकल्पाचं हे पहिलं वाक्य वाचलं आणि मला भरून आलं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला ‘गोफ’ हा शब्द येतो! एकवीस वर्षं मराठी शिकवल्याचं सार्थक झालं. मी समासात ठसठशीत ‘वा!’ लिहिलं आणि दुसरा प्रकल्प उघडला. त्यात गोफ ‘बहुरंगी’ होता. तिसऱ्यात बाजार हा केवळ बाजार नसून ‘लोकजीवनाचा जिवंत दस्तऐवज’ होता. चौथ्यात पुन्हा गोफ. नवव्या प्रकल्पापर्यंत माझ्या ‘वा!’मधला ‘वा’ गळून नुसतं उद्गारचिन्ह उरलं आणि पंधराव्याच्या समासात जे लिहिलं, त्यावर नंतर व्हाइटनर फिरवावा लागला.

संध्याकाळपर्यंत तो गोफ माझ्या गळ्याभोवती पुरता आवळला होता. बायकोने चहाचा कप पुढे ठेवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “चहा हे केवळ पेय नसून...”

“साखर संपलीय,” ती म्हणाली. “ती आणणं हे केवळ माझं काम नसून तुमचंही आहे.”

दोष माझाच. नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आलं. पोरांनी वर्गाबाहेर पडायचं, डोळ्यांनी बघायचं, चार माणसांना विचारायचं आणि लिहून आणायचं. मी विषय दिला, ‘आपल्या गावचा आठवडी बाजार’. यामागची माझी शैक्षणिक भूमिका अशी, की बाजारतळ कॉलेजपासून चालत सात मिनिटांवर आहे. पालकांचं संमतिपत्र, एसटीचं बुकिंग आणि माझी उपस्थिती यांपैकी काहीही लागत नाही. शिवाय आमची पोरं तशी गुणी, धार्मिक वळणाची. दर गुरुवारी चौथ्या तासाला वर्ग ओस पडतो. प्राचार्यांनी त्याची कारणमीमांसा मागितली, तेव्हा ‘गुरुवार हा दत्तगुरूंचा वार असल्याने विद्यार्थ्यांत भक्तिभाव वाढीस लागला आहे’ असा सहा पानी अहवाल मीच दिला होता.

पण या प्रकल्पासाठी पोरांना सात मिनिटंही चालावं लागलं नाही. एका प्रकल्पात आमच्या बाजारातली सुरमई आणि पापलेटं ‘पहाटेच बोटीतून उतरवली जातात’. आमच्या गावापासून समुद्र अडीचशे किलोमीटर आहे, मध्ये घाट आहे. दुसऱ्यात उंटांची खरेदी-विक्री चालली होती. सहा प्रकल्पांची सुरुवात ‘[येथे आपल्या गावाचे नाव लिहा] हे गाव निसर्गरम्य परिसरात वसलेले आहे’ अशी होती. त्यातल्या एकाने सूचनेचा मान राखून कंसात गावाचं नाव लिहिलं होतं, पण सूचना खोडायचं धाडस काही त्याला झालं नव्हतं.

मुलाखत हा प्रकल्पाचा सक्तीचा भाग होता. ‘गेली चाळीस वर्षे भाजी विकणारे रामभाऊ’ मला अकरा प्रकल्पांत भेटले. कुठे त्यांचं वय ७८, कुठे ५२. जिथे ते ५२ वर्षांचे होते तिथेही चाळीस वर्षं भाजीच विकत होते, म्हणजे त्यांच्या वडिलांवर बालमजुरीचा खटला भरायला हवा. रामभाऊ बोलत मात्र फार छान. ‘डिजिटल व्यवहारांमुळे पारंपरिक विनिमयाच्या स्वरूपात आमूलाग्र परिवर्तन घडून आले आहे,’ असं ते एका गिऱ्हाइकाला कोथिंबीर देता देता म्हणाले होते. आमच्या विद्यापीठाच्या चर्चासत्रात बीजभाषण करायला माणूस मिळत नाही. मला वाटलं, रामभाऊंनाच बोलवावं.

एका प्रकल्पाचा समारोप तर थेट माझ्याशी बोलला. ‘हवे असल्यास मी हा प्रकल्प अधिक सोप्या भाषेत किंवा मुद्द्यांच्या स्वरूपात लिहून देऊ शकतो.’ विद्यार्थ्याने आपण होऊन लेखन सुधारून द्यायची तयारी दाखवावी, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. मी खाली ‘अवश्य’ असं लिहिलं.

माझी विकेट पडली ती संदर्भसूचीत. संदर्भग्रंथ क्रमांक चार : लेखकाच्या जागी माझं नाव! ‘ग्रामीण बाजार : स्वरूप आणि समीक्षा’, दुसरी आवृत्ती, पृष्ठ ११२.

मी आयुष्यात एकही पुस्तक लिहिलेलं नाही. पण दुसरी आवृत्ती म्हटल्यावर पहिली खपल्याचा आनंद मला लपवता येईना. पृष्ठ ११२ वरचं अवतरणही चांगलं होतं, माझ्या ऐपतीपेक्षा चांगलं. बढतीच्या फायलीतला ‘प्रकाशित ग्रंथ’ हा रकाना चौदा वर्षं माझी वाट बघतो आहे. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी विभागप्रमुख मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं, “मॅडम, संदर्भसूचीत आलंय म्हणजे पुस्तक असणारच ना?”

“कुणाचं?”

“माझं.”

“सर, तुम्ही पुस्तक लिहिलंय की नाही, हे तुम्ही मला विचारताय?”

मी विषय बदलला. ग्रंथालयात जाऊन ‘ग’चं कपाट मात्र एकदा बघून आलो. न जाणो.

हे असं का होतं, ते पुढे सगळा उलगडा झाल्यावर आमच्या संगणकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाने मला समजावलं. “सर, हे चॅटजीपीटीसारखं यंत्र मुळात खरं-खोटं बघत नाही. आधीचे शब्द बघून पुढे कोणता शब्द शोभेल, एवढंच ते ठरवत जातं.” मला एकदम उजेड पडला. म्हणजे उखाणा! लग्नात नवरी ‘चांदीच्या ताटात’ म्हणाली, की घरात सगळी ताटं स्टीलची आहेत हे ठाऊक असूनही कुणी हरकत घेत नाही. यमक जुळलं, नाव आलं, टाळ्या पडल्या. यंत्रही उखाणाच घेतं. ‘ग्रामीण बाजार’पुढे ‘स्वरूप आणि समीक्षा’ कानाला बरं लागतं, आणि पोराने मार्गदर्शक म्हणून माझं नाव टाइप केलेलं असल्यामुळे नाव घ्यायला मीच जवळ सापडलो.

उखाण्याला टाळ्या द्याव्यात, तो पुरावा म्हणून कोर्टात नेऊ नये. न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी नेमकं तेच केलं. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यांनी चॅटजीपीटीने दिलेले सहा निवाडे न्यायालयापुढे ठेवले. त्यातला एकही निवाडा पृथ्वीतलावर कधी झालेला नव्हता. जून २०२३ मध्ये त्यांना ५००० डॉलरचा दंड झाला. विशेष म्हणजे त्यांच्यातल्या एकाने आधी खात्रीही करून घेतली होती. यंत्रालाच विचारलं होतं, ‘हा निवाडा खरा आहे ना?’ यंत्र म्हणालं, हो. पोलीस पाटलाने संशयिताला ‘चोरी केलीस का रे?’ म्हणून विचारावं आणि तो ‘नाही’ म्हणाल्यावर पंचनाम्याची वही मिटावी, तसं झालं हे.

त्या वकिलांना हसायचा अधिकार मला आहे का, हे आता पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

बाजार कोणत्या वारी भरतो? १९ प्रकल्पांत रविवारी, ११ प्रकल्पांत बुधवारी, ८ मध्ये शनिवारी आणि ५ मध्ये सोमवारी. मी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस प्रकल्पांवर बरोबरची खूण केली. कारण बाजार कधी भरतो, हे मलाही माहीत नव्हतं. आमच्याकडे भाजी बायको आणते. ती महाग आणली, असं मत तेवढं मी देतो.

चव्वेचाळिसावा प्रकल्प हाताने लिहिलेला होता. आखीव कागद, पाठपोट मजकूर, एका पानावर हळदीचं बोट. पहिलं वाक्य : ‘मावशी पहाटे साडेचारला उठते आणि आधी जुड्या ओल्या करते, कारण ओली जुडी मोठी दिसते.’ ना व्याख्या, ना महत्त्व, ना प्रस्तावना. बाजाराचा वार ‘गुरुवार’ दिला होता. त्रेचाळीस जण एकीकडे आणि ही एकटी एकीकडे! मी लाल गोल करून ‘तपासा’ लिहिलं. शेवट तर असा होता : ‘पावसाळ्यात तळावर चिखल असतो. चांगली चप्पल घालून येऊ नये.’ मी शेरा मारला, ‘समारोप असा नसतो. भाषा प्रमाण नाही.’ पन्नासपैकी बावीस. गोफवाल्यांना सरसकट अडतीस.

“सर, ही पोरं यंत्राकडून लिहून घेतायत,” गठ्ठा चाळून मॅडम म्हणाल्या.

“छे! त्रेचाळीस जण एकदम खोटं कशाला लिहितील?”

मॅडमनी काही न बोलता फोन काढला, माझा विषय टाइप केला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. अकरा सेकंदांत गोफ बाहेर आला. मागोमाग रामभाऊ आले. या खेपेला ते ६५ वर्षांचे होते.

मग आम्ही चोर पकडायचं यंत्र शोधलं. मजकूर घातला, की तो माणसाचा किती टक्के आणि यंत्राचा किती टक्के, ते सांगणारं. पोरांच्या आधी स्वतःला तपासावं, अशा गांधीवादी विचाराने मी माझ्या २००४ च्या एम.फिल. प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यात घातलं. चॅटजीपीटी लोकांपुढे आलं ते ३० नोव्हेंबर २०२२ ला. माझं प्रकरण निकालात ८१ टक्के यंत्राचं निघालं.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. “सर, २००४ मध्ये?”

“मॅडम, माझी शैली काळाच्या पुढे होती.”

या ओळखयंत्रांची मोठी मौज आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःच असं एक यंत्र काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत यंत्राच्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने फुकटचा आळ घेतला. जुलैत ते दुकान बंद झालं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात ओळखयंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त त्यांनी यंत्राचे ठरवले होते. बिचारी माणसं घाबरत घाबरत, येतात तेवढ्याच शब्दांत, व्याकरण सांभाळून लिहीत होती. नीटनेटकं लिहिणं हाच त्यांचा गुन्हा.

ही बातमी आमच्या पोरांपर्यंत कशी कोण जाणे पोचली. पुढच्या आठवड्यात आलेल्या दुरुस्त प्रकल्पांत त्यांनी जागोजागी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पेरल्या होत्या. ‘समृद्ध’चा ‘सम्रुद्ध’ झाला होता, ‘संस्कृती’ची वेलांटी उलटी फिरली होती. मराठी विभागाच्या इतिहासात अशुद्धलेखन हा प्रामाणिकपणाचा पुरावा पहिल्यांदाच ठरला आणि मीही एकेका चुकीकडे प्रेमाने बघू लागलो.

अखेर बैठक बसली. दोन तास, तीन वेळा चहा, एक ठराव : यंत्रवापरास सक्त मनाई. सूचना लिहायचं काम मराठीचा म्हणून माझ्याकडे आलं. पाच वाजून गेले होते, साखर न्यायची होती. मी फोन काढला आणि यंत्राला म्हणालो, ‘यंत्र वापरू नये अशी कडक सूचना लिही.’ सूचना सुरेख आली. मी छापली, प्राचार्यांनी सही केली, शिपायाने फलकावर लावली. दुसऱ्या दिवशी फलकासमोर पोरांची एवढी गर्दी, की मला वाटलं धाक बसला. जवळ जाऊन वाचलं. सूचनेची शेवटची ओळ होती, ‘हवे असल्यास मी ही सूचना अधिक कठोर किंवा अधिक सौम्य स्वरात लिहून देऊ शकतो.’ त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘अवश्य.’ माझंच अक्षर वाटावं इतकं हुबेहूब!

तरी तोंडी परीक्षा घ्यायचं मी ठरवलं. एकेकाला समोर बसवलं.

“गोफ म्हणजे काय रे?”

“सर, नेटवर्क.”

“बरं. ‘बाजार हा ग्रामीण अर्थकारणाचा कणा आहे’ असं लिहिलंयस. कणा म्हणजे?”

“कुसुमाग्रजांची कविता, सर.”

“तुझ्या बाजारात उंट कुठून आले?”

पोराने प्रकल्प हातात घेतला, पान वाचलं आणि माझ्याइतकाच थक्क झाला. “अरे हो की!”

त्याचा राग यायला हवा होता. पण मला माझं टायपिंग सेंटर आठवलं. एम.फिल.च्या वेळी मी चार प्रबंध समोर ठेवून पाचवा लिहीत होतो. टायपिंगवाल्याने तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत विचारलं होतं, “सर, ऋणनिर्देश कुठला टाकू? दोन प्रकारचे आहेत. एकात बायकोचे आभार आहेत, एकात नाहीत.” माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं. घाईत बायकोवाला पडला. त्याआधी बी.ए.ला गाइड होतं, दहावीला अपेक्षित प्रश्नसंच होते आणि शाळेत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध होता. तो मी सलग चार वर्षं भर उन्हाळ्यात, पाठांतरावरून लिहिला. आता निदान नियम तरी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आमच्या वेळी हा नियम असता, तर आमच्या पिढीतले निम्मे डॉक्टर आज नुसते श्रीयुत असते.

तोंडीला सतरावा मुलगा आला. प्रकल्प चकचकीत, स्पायरल बायंडिंग. आत ‘शेतकरी बांधवांना मध्यस्थांच्या साखळीमुळे अनेकविध आव्हानांचा सामना करावा लागतो.’

“वडील काय करतात तुझे?”

“कांदे विकतात, सर. बाजारात.”

“कुठल्या?”

“आपल्याच. पाण्याच्या टाकीजवळ बसतात. मी पण असतो की दर बाजारी. मापं मीच करतो.”

“मग त्यांचं काहीच का नाही लिहिलंस? रामभाऊंना कशाला विचारत बसलास?”

तो गोंधळला. मान खाली घालून म्हणाला, “सर, ते प्रोजेक्टमध्ये चालतं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. नाही चालत, हे मीच तर एकवीस वर्षं सांगत आलो होतो. प्रस्तावनेत व्याख्या हवी. मध्ये महत्त्व, फायदे, तोटे हवेत. ‘मावशी म्हणाली’ नको, ‘विक्रेत्यांचे मत असे आहे’ हवं. शेवटी समारोप, त्यात ‘थोडक्यात सांगायचे तर’. ‘केवळ नसून’ला तर मी दोन गुण जास्त देत आलोय. असे हजारो निबंध, भाषणं आणि अहवाल आपण लिहून ठेवले. यंत्राने ते मन लावून वाचले, पहिल्या बाकावर बसून पाठ केले आणि आता तोंडपाठ म्हणून दाखवतंय. माझं शिकवणं शब्दशः मनावर घेणारा असा विद्यार्थी मला आजवर लाभला नव्हता. अडतीस गुण खरं तर मी माझे मलाच दिले होते.

सगळ्यांत शेवटी हातानं लिहिणारी आली.

“हे तू यंत्र न वापरता लिहिलंस, होय ना?” मी कौतुकाने विचारलं.

“नाही सर. वापरलं ना. मागच्या पानावर लिहिलंय.”

मागचं पान मी उलटलंच नव्हतं. तिथे मथळा होता, ‘यंत्राला काय काय विचारलं’. पहिलं : मावशीला विचारायला प्रश्न काढून दे. यंत्राने पंचवीस दिले. ‘त्यातले चार विचारले. बाकीचे विचारले असते तर मावशीने तागडी फेकून मारली असती.’ दुसरं : मी लिहिलेलं वाचून कुठे कळत नाही ते सांग. यंत्र म्हणालं, जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव कसा ठरतो, ते बाहेरच्या माणसाला समजणार नाही. ‘हे बरोबर वाटलं. म्हणून पुन्हा गेले. आजोबांनी माझाच हात रुमालाखाली घेऊन शिकवलं आणि म्हशीचा भाव ठरवला. म्हैस घेतली नाही.’ तिसरं : शुद्धलेखन तपास. ‘त्याने शुद्धलेखन केलं, पण “मावशी म्हणाली”चं “विक्रेत्या महिलेने प्रतिपादन केले” करून टाकलं. मावशी कधी प्रतिपादन करत नाही. परत होतं तसं केलं.’ चौथं : बाजारावरची पुस्तकं सांग. ‘पाच सांगितली. लायब्ररीत शोधली. मराठी विश्वकोशाचा खंड सापडला, बाकीची चार नव्हती. त्यातलं एक सरांचं आहे. सरांना विचारायला लाज वाटली.’

“का गं, लाज कसली?” मी विचारलं.

“नाही, म्हटलं, सर... दुसरी आवृत्ती निघून पण कुणाच्या हाताला लागत नाहीये, तर तुम्हाला वाईट वाटेल.”

मी तिच्यासमोर बावीसचा आकडा खोडला. नवा आकडा लिहिताना पेन वाळलेला निघाला, तर तिनेच स्वतःचा दिला. मग फलकावरची सक्त मनाई काढून टाकली आणि त्या जागी एक कागद लावला. या वेळी हाताने लिहिला, त्यामुळे तीन खाडाखोडी झाल्या. ‘आधी बाजारात जावे. बघितलेले स्वतः लिहावे. मग यंत्राला हवे ते विचारावे आणि काय विचारले ते मागच्या पानावर लिहावे. पुस्तकाचे नाव देण्याआधी पुस्तक हातात धरावे. आई-वडील, मावशी, आजोबा प्रोजेक्टमध्ये चालतात. तोंडी परीक्षा होईल.’ शिपाई तो कागद लावता लावता वाचत होता.

“सर, पण हे बाजारात जायचं कधी? तुमचा तास बुडवून?”

“का? बाजार कधी असतो?”

त्याने माझ्याकडे असं काही बघितलं, जणू मी नुकताच बदलून आलोय आणि तेही परदेशातून. “गुरुवारी ना, सर! तुमच्या चौथ्या तासाला सगळी पोरं तिकडेच तर असतात.”

दत्तगुरूंची क्षमा मागून त्या गुरुवारी चौथा तास मी बाजारातच घेतला. हजेरी शंभर टक्के होती. सतरा नंबरचा पोरगा टाकीजवळ कांदे मापत होता. मला बघून त्याचा काटा आधी हलला आणि मग स्थिर झाला. मावशीने मेथीची जुडी वीस रुपयांना सांगितली. मी विद्वत्तापूर्ण आवाजात म्हणालो, “मावशी, ओली केलेली दिसतेय.” मावशी भाचीकडे वळून म्हणाली, “हे पण सांगितलंस होय गं?”

बाकी त्या दिवशी दोन गोष्टी मला स्वतःला तपासता आल्या आणि दोन्ही त्या पोरीच्या कागदावर जशा लिहिल्या होत्या तशाच निघाल्या. दुसरी तपासताना माझी नवी कोल्हापुरी टाकीजवळच्या चिखलात राहिली, ती अजून तिथेच आहे.

आठवडी बाजार गुरुवारी भरतो. पावसाळ्यात चांगली चप्पल घालून जाऊ नये.